चूक कोणाची: पात्राची की पटकथेची?

‘द वॉकिंग डेड’ या अमेरिकन मालिकेच्या पहिल्याच भागात मॉर्गन जोन्स नावाचा माणूस वरच्या मजल्यावरच्या खिडकीत बंदूक घेऊन बसतो. खाली रस्त्यावर प्रेतं फिरताहेत आणि त्यांच्यात त्याची बायकोही आहे. शेजारी त्यानं घरचे फोटो काढून ठेवलेत. इतर प्रेतं टिपत टिपत तो ती समोर येण्याची वाट बघतो. ती येते. दुर्बिणीत तिचा चेहरा दिसतो आणि मॉर्गनला चाप ओढवत नाही. खालच्या खोलीत त्याचा मुलगा गोळ्यांचे आवाज ऐकत रडतो आहे. ३१ ऑक्टोबर २०१० रोजी ‘एएमसी’ वाहिनीवर दाखवलेला हा भाग. पुढे तिसऱ्या पर्वात ‘क्लिअर’ नावाच्या भागात मॉर्गन पुन्हा भेटतो, तेव्हा तो भ्रमिष्ट झालेला असतो. जिला तो मारू शकला नाही, तिनंच मुलाला चावून संपवलं. मुलाच्या हातात पिस्तूल होतं, पण आईवर गोळी झाडणं त्यालाही जमलं नाही.

झोंबींच्या मालिकांमध्ये कथानकाची याहून पक्की बांधणी मला क्वचितच सापडली आहे. मॉर्गननं तेव्हाच गोळी झाडायला हवी होती हे प्रत्येक प्रेक्षकाला कळतं, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही ते जमलं नसतं हेही कळतं. चूक मॉर्गनची आहे, त्याच्या स्वभावातून आणि त्याच्या संसारातून आलेली. तिची किंमत दोन पर्वांनंतर वसूल होते आणि मध्ये कोणीही तिची आठवण करून देत नाही.

या प्रकारच्या मालिकांबद्दल प्रेक्षकांची एक तक्रार कायमची असते: ‘एवढं कसं कळत नाही यांना?’ प्रेतं चालतात याबद्दल कोणी तक्रार करत नाही. जॉर्ज रोमेरोनं १९६८ साली ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये मेलेली माणसं उठवली, ती जिवंतांना खातात आणि मेंदू नष्ट केल्याशिवाय थांबत नाहीत एवढं सांगितलं, आणि प्रेक्षकांनी ते बिनबोभाट मान्य केलं. एक अशक्य गोष्ट मान्य केल्यावर बाकी सगळं शक्यतेच्या हिशेबात बसावं, ही अपेक्षा त्यातूनच येते. तरीही मला असं वाटतं की ही तक्रार बरेचदा चुकीच्या जागी केली जाते. माणसं मूर्खासारखी वागली तर बिघडत नाही. संकटात माणसं तशी वागतातच. मूर्खपणा त्या माणसाचा स्वतःचा हवा. पुढचा प्रसंग घडवून आणायचा म्हणून लेखकानं तो पात्राच्या माथी मारला की मालिका मरते.

‘द वॉकिंग डेड’च्या तिसऱ्या पर्वाच्या अखेरचा अँड्रियाचा मृत्यू बघा. खलनायक गव्हर्नरनं तिला खुर्चीला बांधून घातलं आहे. समोर त्याचाच सहकारी मिल्टन रक्तबंबाळ पडला आहे. तो थोड्याच वेळात मरणार आणि उठून तिला खाणार हे दोघांनाही ठाऊक आहे. तिच्या पायाजवळ पक्कड पडली आहे. ती पायाच्या बोटांनी पक्कड ओढायला लागते आणि मधेच थांबते. मिल्टनकडे बघते, बोलते, आपण काय केलं आणि का केलं हे समजावते. पुन्हा पक्कड, पुन्हा गप्पा. हीच अँड्रिया पहिल्या पर्वात चावा बसलेल्या बहिणीच्या उशाशी रात्रभर बसली होती, बहीण डोळे उघडेपर्यंत थांबली होती आणि मगच तिनं गोळी झाडली होती. मेलेला माणूस उठायला किती वेळ लागतो हे तिनं मांडीवर अनुभवलं होतं. इतकं जाणणारी बाई इथं वेळ काढते, कारण पर्वाच्या शेवटी तिला मरायचं आहे आणि मरण्याआधी तिच्या तोंडी दोन वाक्यं घालायची आहेत. मला राग येतो तो याचा. अभिनेत्रीनं तीन पर्वं कष्टानं उभी केलेली बाई दहा मिनिटांत परकी होऊन जाते.

याच मालिकेतल्या ग्लेनच्या बाबतीत हाच दोष जास्त हिशेबी रूपात दिसतो. सहाव्या पर्वाच्या तिसऱ्या भागात ग्लेन आणि निकोलस गल्लीतल्या कचरापेटीवर चढलेले आहेत आणि भोवती शेकडो प्रेतं आहेत. निकोलस ‘थँक यू’ म्हणतो आणि स्वतःच्या डोक्यात गोळी घालतो. दोघंही खाली पडतात. कॅमेरा ग्लेनच्या किंचाळणाऱ्या चेहऱ्यावर आहे आणि आतडी ओढून काढली जाताहेत. पुढच्या भागांच्या श्रेयनामावलीतून अभिनेता स्टीव्हन युन याचं नावही काढलं गेलं. चार आठवड्यांनी खुलासा झाला: आतडी निकोलसची होती आणि ग्लेन सरपटत कचरापेटीखाली गेला होता. शारीरिकदृष्ट्या हे अगदीच अशक्य नाही. पण कॅमेरा कुठं ठेवायचा, काय दिसू द्यायचं नाही, नाव कधी काढायचं, हे सगळे निर्णय प्रेक्षकाला फसवण्यासाठी घेतलेले होते. ग्लेनच्या जगात असं काही कोडं नव्हतंच. तो जिवंत आहे हे त्याला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं.

त्याच पर्वाच्या शेवटच्या भागात खलनायक नेगननं बॅट उगारली आणि पडदा काळा झाला. कोण मेलं हे कळायला ऑक्टोबर २०१६ उजाडावा लागला. तो भाग अमेरिकेत सुमारे १ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला. एब्रहम आणि ग्लेन मेले. २०२२च्या नोव्हेंबरात मालिका १७७ भागांनंतर संपली, तेव्हा त्या रात्री वाहिनीवर बघणारे २५ लाखांहून कमी उरले होते. टीव्ही बघण्याच्या सवयी या काळात पार बदलल्या हे खरंच, म्हणून गळतीचा सगळा दोष पटकथेवर टाकता येणार नाही. पण सोडून गेलेल्यांपैकी अनेकांनी नेमकं हेच वळण दाखवलं. त्यांना हिंसेपेक्षाही आपल्याला ताटकळत ठेवलं गेलं याचा संताप जास्त होता.

आता नियमांबद्दल. पहिल्या भागात मॉर्गनची बायको दाराची मूठ फिरवताना दिसते. अटलांटामधल्या दुकानाची काच एक प्रेत दगडानं फोडतं. पुढं ही प्रेतं सगळं विसरली आणि शेवटच्या पर्वात चढणारी, दार उघडणारी प्रेतं नव्यानं आली तेव्हा पात्रं थक्क झाली. यापेक्षा मोठी अडचण दुसऱ्या भागानं करून ठेवली. नायक रिक आणि ग्लेन मेलेल्याची आतडी अंगाला फासून गर्दीतून चालत जातात आणि वास लपल्यामुळं प्रेतं त्यांना ओळखत नाहीत. प्रसंग अप्रतिम आहे, पाऊस सुरू होतो तेव्हा छातीत धस्स होतं. मात्र एवढा साधा उपाय सापडल्यावर पुढं प्रत्येक झुंडीच्या वेळी तो का वापरत नाहीत, हा प्रश्न उरतोच. मालिकेनं बरीच वर्षं तो टाळला. नवव्या पर्वात मात्र अँजेला कँग यांच्या हाती सूत्रं आली आणि ‘व्हिस्परर्स’ आले: प्रेतांची कातडी चेहऱ्यावर चढवून झुंडीबरोबर हिंडणारी, झुंडीलाच हत्यार करणारी टोळी. मूळ कल्पना रॉबर्ट किर्कमनच्या चित्रकथेतली. दुसऱ्या भागात गवसलेल्या नियमाला शेवटी त्याचा समाज मिळाला, आणि मालिकेला त्या काळात पुन्हा धार आली ती योगायोगानं नव्हे.

पेट्रोलबद्दल तर लिहावं तेवढं थोडं. साठवलेलं पेट्रोल काही महिन्यांतच खराब होऊ लागतं. तरी इथं वर्षानुवर्षं गाड्या धावतात आणि अंगणातली हिरवळ कोणीतरी कापलेली दिसते. ‘द लास्ट ऑफ अस’ या मालिकेच्या चौथ्या भागात जोएल वाटेत पुन्हा पुन्हा थांबून जुन्या गाड्यांच्या टाक्यांमधून पेट्रोल ओढतो आणि ते आता पूर्वीसारखं चालत नाही हे एलीला सांगतो. त्या ओझरत्या संभाषणानं जग कोसळून वीस वर्षं लोटल्याची खात्री पटते.

नियम आणि माणूस यांची सर्वांत सुंदर गाठ मात्र मला दक्षिण कोरियाच्या ‘किंगडम’मध्ये दिसते. किम उन-ही यांनी लिहिलेल्या या मालिकेची दोन पर्वं नेटफ्लिक्सवर २०१९ आणि २०२० मध्ये आली, प्रत्येकी फक्त सहा भागांची. काळ जोसोन राजवटीचा. मेलेला राजा एका वनस्पतीच्या रसानं उठवला जातो, कारण सत्ता हातात ठेवायला दरबारी कुळाला तो हवा आहे. राजा चावतो तो माणूस फक्त मरतो. साथ सुरू होते ती दूरच्या एका दवाखान्यात. उपाशी रुग्णांना हरणाच्या मांसाचा म्हणून रस्सा वाढला जातो आणि ते मांस राजानं मारलेल्या पोराचं असतं. भुकेनं व्याकूळ झालेली माणसं वाडगे चाटूनपुसून खातात. साथीचं कारण आणि राज्यकारभाराचा गुन्हा इथं एकच आहे, त्यामुळं कोणालाही उभं राहून काही स्पष्ट करून सांगावं लागत नाही.

प्रेतं रात्री उठतात आणि दिवसा घरांखाली, अंधारात निपचित पडतात. सगळे समजतात की उजेडात ती झोपतात. दिवसाच्या त्या मौल्यवान तासांत त्यांना जाळून टाकलं की प्रश्न मिटला. पण सरदारघराण्यांतल्या मृतांच्या देहाची विटंबना होऊ द्यायला घरचे तयार नाहीत. उमराव मंडळी गावकऱ्यांना मागं टाकून जहाजात चढतात, आणि त्यांच्यातल्याच एका बाईनं आपल्या मुलाचं प्रेत पेटीत लपवून सोबत घेतलेलं असतं. रात्र होते. पुढं काय होणार हे कळत असतानाही त्या बाईला वेडी ठरवता येत नाही. कुळाचा दिवा, पितरांची रीत, देह अखंड राहावा ही श्रद्धा, हे सगळं तिच्या त्या पेटीत आहे. परका देश, परका काळ, तरी मराठी घरात बसून पाहताना ते तंतोतंत कळतं.

पहिल्या पर्वाचा शेवट तर पटकथा लिहिणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा बघावा असा आहे. वैद्य सो-बी त्या वनस्पतीच्या शोधात कडाक्याच्या थंडीच्या दरीत पोचते आणि तिला उमगतं की प्रश्न उजेडाचा नव्हताच, उष्णतेचा होता. तिकडे युवराजाची माणसं रात्रभर जागून वाट बघताहेत. सूर्य उगवतो, हत्यारं खाली येतात. आणि हिवाळ्याच्या धुक्यातून प्रेतं धावत येतात. नियम बदललेला नाही. पात्रांनी जे पाहिलं त्यावरून चुकीचा निष्कर्ष काढला होता, तोच आपणही काढला होता. प्रेतं सावलीत आणि गारव्यात दडतात हे आपल्याला आधीच दाखवलेलं होतं. ग्लेनच्या वेळी पुरावा लपवला होता, इथं तो डोळ्यांसमोर ठेवला होता.

पात्राचा प्रवास म्हणून मात्र मी अजूनही ‘द वॉकिंग डेड’मधल्या कॅरल पेलेटियरचं नाव घेईन. ती पहिल्या पर्वात येते ती नवऱ्याचा मार खाणारी, मान खाली घालून इस्त्री करणारी बाई म्हणून. दुसऱ्या पर्वात तिची मुलगी सोफिया हरवते, पूर्ण पथक शोधत राहतं, आणि सातव्या भागात ती हर्शेल या शेतकऱ्याच्या कोठारातून प्रेत होऊन बाहेर येते. चौथ्या पर्वात तापाची साथ पसरू नये म्हणून कॅरल दोन आजारी माणसांना मारून जाळते. मग ‘द ग्रोव्ह’: प्रेतांना मित्र मानणारी लहानगी लिझी आपल्या बहिणीला मारते, ती परत येईल या खात्रीनं, आणि कॅरल तिला फुलांकडे बघायला सांगून मागून गोळी घालते. एका वाक्यात सांगितलं तर हे अघोरी वाटेल. पण पायरीपायरीनं पाहिलेल्याला तिचं दुसरं काही करणं खोटं वाटलं असतं. प्रत्येक पायरीवर कॅरलला त्या क्षणी काय ठाऊक आहे आणि कशाची भीती आहे हे लेखकांना पक्कं माहीत होतं. आठव्या पर्वात रिकचा मुलगा कार्ल याला मारताना तसं काही दिसलं नाही. चित्रकथेत तो शेवटपर्यंत जगतो. इथं तो जातो तो नेगनला जिवंत सोडण्यासाठी रिकला कारण हवं म्हणून.

आपल्याकडचा अनुभव थोडा आहे, पण त्यातूनही हेच दिसतं. २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या चार भागांच्या ‘बेताल’चं दिग्दर्शन पॅट्रिक ग्रॅहम यांच्यासोबत निखिल महाजन यांनी केलं होतं. हुकूम पाळणाऱ्या शिपायाचा अपराधभाव हे तिचं खरं बीज होतं. ते रुजण्याआधीच लाल डगल्यातल्या गोऱ्या प्रेतांचे नवेनवे नियम येत गेले आणि शिपाई मागं पडला. आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ (२०२२) हा चित्रपट, मालिका नव्हे, तरी त्यानं जागा अचूक निवडली: डोंबिवलीतली सोसायटी, शेजारची वस्ती आणि पाणी. तिथं दार कोणासाठी उघडायचं हा प्रश्न संकटाच्या आधीपासूनच होता. या प्रश्नाला आठ-दहा भागांचा अवकाश मराठीत कोणीतरी द्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सध्या या प्रकाराला खरा धोका धंद्याकडून आहे. ‘द वॉकिंग डेड’ संपण्याआधीच मॅगी-नेगन, डॅरिल, रिक-मिशोन यांच्या स्वतंत्र मालिका जाहीर झाल्या होत्या. शेवटच्या भागात कितीही प्रेतं चालून आली तरी ही माणसं वाचणार हे प्रेक्षकाला बातम्यांमधून आधीच कळलेलं होतं. तरीही त्या भागात एक प्रसंग आहे. ग्लेनची विधवा मॅगी नेगनशी बोलते. तुझा द्वेष करत राहायचं नाही असं मला वाटतं, पण माफ करणं माझ्या हातून होत नाही, असं ती सांगते. तिच्या डोळ्यांसमोर अजून ती बॅट आहे. हा प्रसंग जाहीर झालेल्या कोणत्याही मालिकेनं पोकळ झाला नाही. मॅगी जगणार की मरणार हा त्यातला प्रश्नच नव्हता, आणि तिनं दुसरं काही म्हटलं असतं तर ती मॅगी राहिली नसती.