सांताक्लॉजचं पोट

"मामा, खरं सांग हं!" म्हणत भाचीनं भरतकामाच्या मशीनवर केलेला नाताळचा सांताक्लॉज पुढ्यात ठेवला. थॉमस नास्टनं काढलेला पहिला सांता छापून आला १८६३ साली. ग्रोब्लीचं शिफ्ली भरतयंत्रही त्याच सालचं. म्हणजे सोयरीक जुनी!

फ्रेममध्ये ताणलेल्या कापडावर मशीननं डोळे-दाढी बिनचूक भरलेली. चेहरा मात्र ओळखपत्रावरच्या फोटोसारखा. वर दुसरं कापड पालथं घालून कडाही मशीननंच शिवल्या. फक्त उलटवून कापूस भरायला ठेवलेली फट भाचीनं हातानं मिटवली. तिथले टाके वाकडे. त्यामुळे पोट पुरणपोळी हाणून उठल्यासारखं. अख्ख्या सांतात जिवंत काय ते तेवढंच.

"उसवून नीट घालू?"

"खबरदार!" म्हणत मी सांता खिशात घातला.