पडद्यावरचा माड

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या एखाद्या घरातला जुना अल्बम उघडून पाहा. धान, तलाव, मोह आणि साग यांच्या मुलखात जन्मलेली, समुद्राशी फक्त भूगोलाच्या पेपरापुरती ओळख असलेली माणसं त्यात बिनदिक्कत नारळीच्या झाडाखाली उभी असतात. कोट घातलेले आजोबा, डोक्यावरून पदर घेतलेली आजी, मध्ये टोपडं घातलेलं, रडायच्या बेतात असलेलं बाळ. आणि मागे समुद्र, होडी, पूर्ण चंद्र व चंद्राला टेकून उभा असलेला माड. समुद्रावर ठरावीक अंतराने आडव्या रेघा दिसतात. त्या लाटा नव्हेत. स्टुडिओवाला पडदा रोज रात्री गुंडाळून ठेवत असे, त्याच्या त्या सुरकुत्या.

हा पडदा ज्या पेंटरने रंगवला त्याच्याबद्दल मला आदर आहे. बहुधा त्यानेही समुद्र पाहिलेला नसावा. पण एक गोष्ट त्याने बरोबर ओळखली होती. फोटोत माणसाला आपल्या गावात उभं राहायचं नसतं. गाव फुकटच मिळालेलं असतं, फोटोला पैसे पडतात. पैसे मोजून पुन्हा सावलीतच उभं राहायचं, तर मग घरून निघायचं कशाला? तेव्हा माड म्हणजे झाड नव्हे. माड म्हणजे ‘दुसरीकडे’. ज्या गावाचं नावच सावली, तिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सावली न देणाऱ्या झाडाखाली उभं राहावं, हा विनोद मात्र पेंटरच्या लक्षात आला नसावा. सावली न देण्याबद्दल कबीराने खजुरीला फार पूर्वीच झापलेलं आहे.

आता ते पडदे गेले. म्हणजे कापडाचे गेले. हल्ली लग्नाच्या आधीच लग्नाचे फोटो काढतात, त्याला प्री-वेडिंग म्हणतात. नियोजित वधूवर भाड्याची गाडी करून कुठल्याशा रिसॉर्टच्या बागेत जातात. तिथे फरसबंद वाटेच्या दोन्ही बाजूंना कवायतीला उभे केल्यासारखे पाम असतात. नर्सरीवाले त्यांना सरसकट ‘बॉटल पाम’ म्हणतात. त्यांतले बरेचसे असतात रॉयल पाम, मूळचे क्युबाकडचे. खोड गुळगुळीत, करडं, थेट सिमेंटच्या खांबासारखं. वर पानं नसती तर वीज मंडळाने तारा ओढल्या असत्या. या दोन रांगांमधून वधू पळते, वर मागून पळतो, आणि फोटोग्राफर दोघांच्याही पुढे उलटा पळतो. तिघांत सगळ्यात जास्त जोखीम त्याचीच.

या फोटोंचं परीक्षण करायचं तर पहिला दोष असा, की त्यातला पाम कुठलाही असला तरी चालतो. तो काढून तिथे दुसरा ठेवा, वधूच्या आईशिवाय कुणालाही फरक कळणार नाही. (तिला कळतो, कारण तिला सगळंच कळतं.) दुसरा दोष म्हणजे सूर्यास्त. कॅलेंडर छापणाऱ्यांनी आपल्या मनावर ठसवून ठेवलंय की ताडामाडाचा फोटो संध्याकाळीच काढायचा: आभाळ नारिंगी, झाड काळं. दिसतं सुंदर, नाही कोण म्हणतो? पण काळ्या आकृतीत झाडाचं काय उरतं? खोडाचा पोत गेला, जुन्या देठांच्या खुणा गेल्या, वयही गेलं. ब्याऐंशी वर्षांचा ताड आणि परवा लावलेला पाम एकाच वाढदिवसाचे दिसतात.

तिसरा दोष उंचीचा. पाम म्हटला की माणूस त्याच्या बुडाशी जाऊन उभा राहतो आणि कॅमेरा आभाळाकडे करतो. मग खोड बुडाशी ड्रमाएवढं, शेंड्याशी उसाएवढं होतं आणि आखं झाड मागे कलतं, जणू ते आपल्यालाच भिऊन मागे सरलंय. उपाय अगदी साधा आहे. झाड जेवढं उंच, निदान तेवढं अंतर मागे चालत जायचं आणि कॅमेरा सरळ धरायचा. झाड मग सरळ येतं. पण पंचाईत अशी, की त्याबरोबर पुढची जमीनही येते. बांध येतो, बैल येतो, कुणाचं तरी वाळत घातलेलं लुगडं येतं. फोटोग्राफरला ही गर्दी नको असते. माझ्या मते मात्र ताडामाडाच्या फोटोची खरी परीक्षा इथेच होते. पुढच्या जमिनीचं काय करायचं हे ज्याला सुचलं, तो पास.

जगातल्या मोठ्या लोकांनीही या जमिनीपुढे हात टेकलेले आहेत. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरने १९२५ साली मेक्सिकोतल्या क्वेर्नावाकाला एका पामचा फोटो काढला. त्यात जवळजवळ सगळं खोडच आहे. शेंडा निमित्तमात्र, आणि जमीन तर नाहीच. फोटो देखणा आहे, देवळाच्या खांबासारखा. पुढे १९७१ मध्ये एड रुशे या चित्रकाराने लॉस एंजेलिसमधल्या पामच्या फोटोंचं एक पुस्तक काढलं, ‘अ फ्यू पाम ट्रीज’. त्याने तर कमालच केली. प्रत्येक झाड आजूबाजूच्या जगातून कापून काढलं, कोऱ्या पानावर ठेवलं, आणि ते कुठल्या रस्त्यावर उभं आहे तेवढा पत्ता दिला. म्हणजे पासपोर्ट फोटोच! मला हे पुस्तक प्रामाणिक वाटतं. आपले रिसॉर्टवाले झाडाचा पत्ता कापतात आणि तसं सांगत नाहीत. रुशेने कापलं आणि पत्ता लिहूनही दिला.

आता घरचं झाड बघू. आमच्याकडे पाम नाहीत असं थोडंच आहे? ताड आहे, आणि नाल्याकाठी, तलावाच्या पाळीवर, धानाच्या बांधावर शिंदी आहे. शेजारच्या तालुक्याचं सिंदेवाही हे नाव कानाला तरी तिचंच वाटतं. पण आजवर एकाही नवरदेवाने शिंदीखाली प्री-वेडिंग केल्याचं मी ऐकलेलं नाही. कारण उघड आहे. ताडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणतात, आणि शिंदीच्या बाबतीत तर झाडाचं आणि पेयाचं नाव एकच. त्यातून गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी, चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. अशा हवेत शिंदीखाली हसऱ्या चेहऱ्याने उभं राहून पुरावा कोण ठेवणार? एका फोटोग्राफरला मी हे सुचवून पाहिलं, तर तो म्हणाला, “फोटो काढाचं काही नाही जी, पर लोक म्हनतीन, पोरगा फोटो काढाले गेलता का घ्याले गेलता?”

यावर माझं उत्तर एकच होतं. बाप्पा, ज्या लग्नासाठी तुम्ही क्युबाच्या झाडाखाली पळता, त्याच लग्नात आपल्याकडच्या किती घरांत शिंदीच्या पानांचं बाशिंग कपाळाला बांधत आले! लग्न लागेपर्यंत जे झाड डोक्यावर चालतं, ते फोटोत पाठीमागे का चालू नये?

शिवाय फोटोसाठी शिंदीसारखं झाड नाही. रस काढायचा तर शेंड्याशी खोड छेदतात. एका वर्षी या बाजूने, पुढच्या वर्षी त्या बाजूने. झाड वर वाढत जातं, खाचा खाली राहतात, आणि पुष्कळ वर्षं छेदलेलं खोड नागमोडी दिसू लागतं. खाचा मोजल्या की किती हंगाम रस काढला ते कळतं. आमच्या बँकेतल्या पासबुकात इतक्या स्वच्छ नोंदी नसतात. त्यावर सुगरणीचे खोपे लोंबत असतात, बुडाशी कुणीतरी झाडूसाठी पानं कापत असतं. वेस्टनला खांब सापडला होता. इथे खांबावर हिशोबही कोरलेला आहे. पण तो दिसायला सकाळचं तिरपं ऊन हवं. दुपारी डोक्यावरच्या उन्हात खाचा सपाट होतात, आणि सूर्यास्ताला तर सगळंच खातं बंद.

सकाळ म्हटली की गांधीजींची आठवण होते. १९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन याच सावलीत भरलं होतं आणि त्यासाठी ते इथे आले होते. सावली तेव्हा खादीकामाचं केंद्र. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचं वर्ध्याहून ताडगुळाचं कामही त्या काळात चाललं होतं. म्हणणं असं, की ताड-शिंदीच्या रसाची दारू कशाला, गूळ करा. रसाची गंमत अशी की पहाटे उतरवला तर ती गोड नीरा. ऊन चढलं की आंबते, ताडी होते. म्हणून मडक्याला आतून चुना लावायचा. मला वाटतं फोटोलाही हाच नियम लागू आहे. झाड तेच, कॅमेरा तोच. सकाळी काढलेला फोटो नीरा, संध्याकाळचा नारिंगी फोटो ताडी. ताडी लवकर चढते, म्हणून कॅलेंडरवर तीच खपते.

हे सगळं आवडीनिवडीपुरतंच असतं तर मी गप्प बसलो असतो. पण जे फोटोत येत नाही ते हळूहळू नजरेतूनही जातं. रिसॉर्टमधला पाम पिवळा पडला की मॅनेजर फवारणीवाल्याला फोन करतो. पाळीवरची शिंदी मुळासकट उपटली तर एकही अर्ज येत नाही, कारण ती ‘झुडपं साफ केली’ या खर्चात धरली जाते. तिच्याबरोबर खोपे जातात, झाडू-चटईचा रोजगार जातो, आणि मुळांनी धरून ठेवलेली बांधाची माती पहिल्याच पावसात शेजाऱ्याच्या बांधीत उतरते. मग भावाभावांत जी भांडणं होतात त्यांचे फोटो मात्र पेपरात येतात.

बागेतल्या पामनी वाईट वाटून घेऊ नये. रांगेत उभं केलेल्या झाडाचा फोटो काढायचा तर रांगेचाच काढावा, आणि ती सरळ ठेवणारा माळी त्यात हवा, पाइपसकट. शिंदीचा काढायचा असेल तर हिवाळ्यातली एखादी सकाळ निवडा, धानाची कापणी झालेली असते. सावलीहून वैनगंगेच्या बाजूला निघा. बांधावर एकटी शिंदी दिसली की तिच्याकडे धावू नका, उलट मागे मागे जा. फक्त मागे विहीर नाही याची खात्री करून घ्या. शेतमालक येऊन “शिंदीचा फोटो कायले जी? तिचं का लगन हाय?” असं विचारेल. त्याला म्हणा, “तुम्ही पन उभे राहा ना तिच्याजवळ.” तो नको नको म्हणत टोपी नीट करील. तेवढ्या वेळात खाचा मोजून घ्या.