‘काँदीद’मधले महाळुंग

राजाचे बोट तुटते. प्रधान म्हणतो, झाले ते बऱ्यासाठीच. संतापलेला राजा त्याला बंदिवासात टाकतो. पुढे रानात नरबळीसाठी पकडला गेलेला राजा अव्यंग नाही म्हणून सुटतो, आणि प्रधान खरा ठरतो. ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असेल. राजा सुटल्यावर त्या दिवशी बळी कोणाचा गेला, हे मात्र ती सांगत नाही आणि आम्हीही कधी विचारले नाही. व्हॉल्तेअरची ‘काँदीद’ (१७५९) अलीकडे पुन्हा वाचताना तो प्रश्न प्रथमच मनात आला.

वेस्टफालियातील एका सरदाराच्या गढीत वाढलेला काँदीद हा भाबडा तरुण. शक्य त्या सर्व जगांत हेच जग उत्तम, असे त्याचा गुरू पाँग्लॉस त्याला शिकवतो. हा विचार लायब्निट्झने १७१० सालच्या ‘थिऑडिसी’त मांडला होता. मूळ युक्तिवाद पुष्कळ सूक्ष्म आहे. व्हॉल्तेअरने तो थट्टेसाठी सोपा करून घेतला, ही अभ्यासकांची जुनी तक्रार रास्तच म्हणावी लागेल. परंतु कादंबरीचा रोख आम्हांस सिद्धान्तापेक्षा तो उच्चारण्याच्या वेळेवर दिसतो.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चे माणसांनी भरलेली असताना लिस्बनमध्ये भूकंप झाला. व्हॉल्तेअरने त्यावर १७५६ मध्ये दीर्घ काव्य प्रसिद्ध केले. त्याच वर्षी रूसोने त्याला पत्र पाठवून बजावले की, सहा-सात मजली घरे काही निसर्गाने बांधली नव्हती. (‘काँदीद’ हेच आपल्या पत्राचे उत्तर होय, असे रूसोने पुढे लिहिले आणि आपण ती वाचलेली नाही, हेही त्याच दमात सांगितले!) कादंबरीत ढिगाऱ्यात जखमी पडलेला काँदीद थोडे तेल आणि दारू मागत असतो, आणि पाँग्लॉस लिमापासून लिस्बनपर्यंत जमिनीखाली गेलेली गंधकाची शीर सिद्ध करीत असतो. शिष्य बेशुद्ध पडतो तेव्हा कुठे गुरुजींना पाणी आठवते. दुखवट्याच्या घरी ‘देव करतो ते बऱ्यासाठी’ म्हणणाऱ्यांची आठवण आम्हांस येथे झाल्यावाचून राहिली नाही.

पुन्हा भूकंप होऊ नये म्हणून कोइम्ब्राचे विद्वान काही माणसांना मंद आचेवर जाळण्याचा उपाय सुचवतात. काँदीदच्या अंगातल्या झग्यावर उलट्या ज्वाला रंगवलेल्या असतात, पाँग्लॉसच्या झग्यावर सुलट्या. गोव्याशी नाते असलेल्या वाचकांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. गोव्याच्या इन्क्विझिशनच्या तुरुंगातून सुटलेल्या देलाँ या फ्रेंच वैद्याने १६८७ मध्ये छापलेल्या हकीकतीत हेच झगे वर्णिले आहेत: उलट्या ज्वाला जीव वाचलेल्यांसाठी, सुलट्या जाळायच्या माणसांसाठी. अ. का. प्रियोळकरांनी ती हकीकत १९६१ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात दिली आहे. कल्पित वाटणारा विनोद येथे वस्तुस्थितीवरच उभा आहे. काँदीदला गायनाच्या ठेक्यावर फटके बसतात, पाँग्लॉसला फाशी देतात, आणि त्याच दिवशी जमीन पुन्हा हादरते.

सगळेच साधले आहे असे नाही. व्हेनिसचे प्रसंग आम्हांस रेंगाळलेले वाटतात. कुनेगाँदच्या बाबतीत तर कादंबरी अन्यायच करते. तिच्यावरचे अत्याचार लेखक पाँग्लॉसच्याच घाईने ओलांडतो, आणि रूप ओसरल्यावर तिच्या वाट्याला उत्तम पक्वान्ने करणे एवढेच उरते.

सुरीनामच्या वाटेवर मात्र हसू थांबते. एक हात, एक पाय नसलेला हबशी गुलाम जमिनीवर पडलेला आहे. साखरेच्या कारखान्यात जात्यात बोट सापडले की हात तोडतात, पळू पाहिले की पाय तोडतात, आणि युरोपातली साखर या मोलाने खाल्ली जाते, असे तो काँदीदला सांगतो. येथेच काँदीद गुरूची शिकवण टाकतो आणि रडत सुरीनाममध्ये शिरतो. तुटलेल्या बोटाची ही दुसरी गोष्ट. या बोटामागे कोणी प्रधान उभा नाही.

शेवटी सारी मंडळी कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका लहानशा मळ्यात येऊन राहतात. फाशीतूनही वाचलेला पाँग्लॉस अजून हिशेब मांडतोच आहे: गढीतून हाकलले नसते, इन्क्विझिशनच्या हाती सापडला नसतास, अमेरिका पायी तुडवली नसतीस, तर आज येथे बसून पिस्ते आणि महाळुंग खात नसतास. ही आपल्या प्रधानाचीच भाषा! काँदीद वाद घालत नाही. बोलणे छान झाले म्हणतो आणि बागेच्या कामाची आठवण देतो. ती बाग त्याच्या एकट्याची नाही, सर्वांची आहे. म्हणून या शेवटाला पलायन म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. तरी एक गोष्ट नजरेआड करवत नाही. पाँग्लॉस बोट दाखवतो ते महाळुंग साखरेत मुरवलेले आहे. ती साखर कोठून आली, हे कादंबरी सांगत नाही. तिचे मोल मात्र अकरा प्रकरणे आधी सांगून झालेले आहे.