छायाचित्राखालची ओळ

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे एक छायाचित्र बहुतेक शाळांच्या भिंतींवर केव्हा ना केव्हा लागलेले असते. मूळ छायाचित्रात तीन विद्यार्थिनी आहेत: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या वेशात आहेत. दिनांक १० ऑक्टोबर १८८५. फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या, त्याचा वारसा आज ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. तेथील अभिलेखागाराने हे छायाचित्र आणि आनंदीबाईंची काही कागदपत्रे संगणकावर सर्वांना खुली केली आहेत.

डहाणूजवळ नरपडला आम्ही हा संग्रह काही मुलांसमोर उघडला. छायाचित्राखाली तिघींची नावे आहेत आणि प्रत्येकीच्या नावामागे ‘डॉ.’ आहे. एका मुलीने लगेच विचारले, “पण पदवी तर १८८६ साली मिळाली ना?” प्रश्न अगदी बिनतोड होता. आनंदीबाईंची पदवी ११ मार्च १८८६ ची, ओकामींची १८८९ ची, इस्लामबुलींची १८९० ची. म्हणजे छायाचित्र १८८५ चे असले तरी त्याखालची ओळ त्याच दिवसाची आहे असे धरून चालत नाही. ती पुष्कळ नंतरची असावी. त्याच ओळीत आनंदीबाईंचे गाव ‘सेरानीसोर’ असे छापले आहे. या नावाचे गाव हिंदुस्थानात नाही. अमेरिकेला जाण्यापूर्वी त्या कलकत्त्याजवळ सेरामपूरला राहत होत्या. कुणीतरी हस्ताक्षर चुकीचे वाचले, एवढाच याचा अर्थ. संग्रहाने ही चूक जशीच्या तशी दिसू दिली, हे आम्हाला त्याचे मोठे गुण वाटते.

संग्रहातील दुसरा मोलाचा कागद म्हणजे २८ जून १८८३ चे पत्र. प्रवेशासाठी आनंदीबाईंनी ते महाविद्यालयाच्या आल्फ्रेड जोन्स यांना लिहिले. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही, तरी सवलत मिळावी, असे त्या मोकळेपणाने सांगतात. प्रकृती चांगली असल्याचेही लिहितात. येथे वाचकाने थांबले पाहिजे. सेरामपूरला असतानाच त्यांना डोकेदुखी, ताप आणि श्वासाचा त्रास होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्या गेल्या, वयाच्या एकविसाव्या वर्षी. मग पत्रातले विधान खोटे म्हणायचे का? आम्ही तसे म्हणणार नाही. हा प्रवेशाचा अर्ज आहे आणि अर्जात कोणी आपले आजार मोजत बसत नाही. प्रयोगाची नोंद वाचताना उपकरण कोणते होते हे आपण विचारतो, तसे पत्र वाचताना ते कोणाला लिहिले आहे हे विचारावे लागते.

आता तक्रारीकडे. शोध घ्यायचा तर ‘जोशी’ हे नाव इंग्रजीत आज आपण लिहितो तसे लिहून भागत नाही; त्या स्वतः शेवटी दोन ‘ई’ लिहीत. मराठीत शोधण्याची सोय नाही. वर्णने सारी इंग्रजीत आहेत आणि शंभर वर्षांपूर्वीचे वळणदार हस्ताक्षर नववीच्या मुलाला एकट्याने लागत नाही. शिक्षकाने शेजारी बसायलाच हवे. पण मोठी उणीव संग्रहाच्या स्वरूपातच आहे. महाविद्यालयाकडे जे आले तेच महाविद्यालयाने जपले. पती गोपाळराव यांच्याशी आनंदीबाई मराठीतून बोलत, भांडत, रुसत. ती बाजू येथे जवळजवळ नाही. त्यासाठी काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्राकडे आणि मीरा कोसंबी यांच्या अभ्यासाकडेच वळावे लागते. नुसत्या पडद्यावरच्या कागदांवरून आनंदीबाई उभ्या केल्या, तर त्या फार धीट, नीटनेटक्या आणि थोड्या परक्या दिसतील.

आमच्याच भागात बोर्डीला १९४५ मध्ये आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम उभे केले. अशा कामाची पत्रे, हजेरीपट, टिपणे उद्या कोणी संगणकावर चढवली, तर नावांची सर्व लेखने नोंदवावीत आणि मागच्या कोऱ्या बाजूसकट पान टिपावे.

तूर्त शिक्षकांना एकच विनंती. विज्ञान दिनाला आनंदीबाईंचे छायाचित्र लावाल तेव्हा खालची ओळ कापू नका. मुलांना ती वाचू द्या.