कासवाचे घर?

महाड-पोलादपूर भागातील वर्गांत वापरला जाणारा कासवाचा एक तक्ता आम्ही पाहिला. रंग छान, पण खाली लिहिले आहे, 'कवच हे कासवाचे घर'. मुले मग विचारतात, कासव घर बदलते का? (शंखातला खेकडा बदलतो तसे!) पाठीवरचे कवच म्हणजे बरगड्या व मणके यांचाच पसरलेला सांगाडा. मुंबईत वरळीला, आपल्या डोंगरांसारख्याच काळ्या कातळाच्या थरांमधील गाळात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे कासव मिळाले. कार्टर यांनी १८५२ मध्ये त्याला नाव दिले. विल्यम्स यांनी १९५३ मध्ये त्याचे कुळ बदलले. मान आडवी वळवणाऱ्या कासवांपैकी हे एक. या गटात कंबरेची हाडेही कवचाला घट्ट जोडलेली असतात. घराच्या भिंतीला कोणाची कंबर चिकटलेली असते? तक्त्यात तर कंबर काढलेलीच नाही.