‘झुंड’ : भिंतीपलीकडचे मैदान

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) हा हिंदी चित्रपट नागपूरच्या विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या झोपडपट्टी फुटबॉलच्या कार्यावर आधारित आहे. व्यसन, चोरी आणि विस्कटलेली घरे यांत वाढलेल्या मुलांना चेंडू एकत्र आणतो. परंतु परदेशी स्पर्धेची संधी येताच प्रश्न केवळ खेळाचा उरत नाही. अंकुशच्या पासपोर्टआड पोलिसांतील नोंद येते. मोनिका आणि तिचे वडील ओळखीच्या कागदांसाठी वणवण फिरतात. खेळ आणि राज्यसंस्था यांचा संबंध मंजुळे येथे अचूक पकडतात. मात्र अंकुशची वाट अखेर प्रशिक्षक बोराडे यांच्या रदबदलीनेच मोकळी होते, ही चित्रपटाची मर्यादा होय. सज्जनाच्या शब्दावर मिळणारे नागरिकत्व हक्क नसून उपकार ठरते.