रिंग यांचे ‘सुगी’ : एका चित्राचे अर्थनिर्णयन

कोपनहेगन येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयातील ‘सुगी’ (१८८५) हे एल. ए. रिंग यांचे तैलचित्र डॅनिश शेतकऱ्याचे स्मारक म्हणून ओळखले जाते. ही ओळख अयथार्थ नाही. परंतु हे स्मारक व्यक्तीचे, वर्गाचे की श्रमाचे, हा प्रश्न तिने सुटत नाही. आणि चित्राचा अर्थ तर त्याच प्रश्नावर अवलंबून आहे.

डॅनिश निसर्गचित्रणाची पूर्वपरंपरा येथे लक्षात घेतली पाहिजे. कलेतिहासकार हॉयेन यांनी १८४४ च्या व्याख्यानात चित्रकारांना स्वदेशाची भूमी व लोकजीवन यांकडे वळण्याचे आवाहन केले. त्याच्या आदल्याच वर्षी लुंडबी यांनी ‘डॅनिश किनारा’ हे भव्य चित्र पूर्ण केले होते. त्या परंपरेत भूमी ही कर्ता असते. माणूस आलाच तर विशेषणासारखा येतो. पाहणाऱ्याची दृष्टी ही शेत कसणाऱ्याची नसून, शेताकडे प्रेमाने पाहणाऱ्या नागर माणसाची असते.

रिंग यांनी हा अन्वय उलटा केला. सुमारे १९० सेंटिमीटर उंचीच्या या उभ्या चित्रात एकच पुरुष लांब दांड्याच्या विळ्याने उभे पीक कापीत आहे. क्षितिज उंचावर असल्यामुळे शेत हे दृश्य न राहता कामाची जागा होते. तो पुरुष प्रेक्षकाकडे पाहत नाही. त्याच्या मुद्रेत करुणेची याचना नाही की वीरश्रीही नाही. सारे लक्ष त्याच्या शरीराच्या झोकावर खिळते. कर्ता आहे, पण प्राधान्य क्रियेला आहे. डॅनिश शीर्षकही व्यक्तीचे नाव घेत नाही. त्यातील ‘हॉस्त’ हा शब्द इंग्रजी ‘हार्वेस्ट’ व शरद ऋतूचा वाचक जर्मन ‘हेर्ब्स्ट’ यांचा सगोत्र आहे. मराठीतील ‘सुगी’प्रमाणे काम आणि काळ ही दोन्ही त्यात एकवटतात.

वस्तुतः या निनावी पुरुषाला नाव आहे. फाक्सेजवळच्या आपल्या शेतात राबणारा तो चित्रकाराचा भाऊ, ओले पीटर अँडरसन होय. चित्रकाराचेही मूळ आडनाव अँडरसनच. दक्षिण झीलंडमधील रिंग या खेड्यात १८५४ साली जन्मलेल्या या सुताराच्या मुलाने १८८१ मध्ये गावाचे नाव स्वीकारले. त्याचा मित्र हान्स अँडरसन यानेही आपल्या गावावरून ब्रेंडेकिल्डे हे नाव घेतले. दोघा अँडरसनांत घोटाळा होऊ नये, एवढाच त्यामागील व्यावहारिक हेतू. तरीही एका भावाने गाव सोडून गावाचे नाव घेतले आणि दुसरा मातीत राहिला, हे अंतर चित्रात जाणवते. चित्र जवळचे आहे, पण सलगीचे नाही.

चित्राचा काळही अर्थपूर्ण आहे. अमेरिका व रशिया येथील स्वस्त धान्यामुळे भाव कोसळले होते. डॅनिश शेती लोणी व डुकराचे मांस यांच्या उत्पादनाकडे वळत होती. येडिंग येथे १८८२ मध्ये पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली होती. म्हणजे धान्याची कापणी हे शेतीचे निर्विवाद केंद्र राहिले नसताना रिंग यांनी तिला स्मारकाची उंची दिली. एस्ट्रुप सरकारविरुद्धच्या जहाल चळवळीशी रिंग यांचा त्या काळी संबंध होता. यावरून काही जण चित्रात निषेध वाचतात. मात्र त्या निषेधाची खूण चित्रात कोठेही दाखविता येत नाही. चरित्रातून आणलेला अर्थ चित्रावर लादणे टीकेला शोभणारे नाही.

एक उणीव नोंदवली पाहिजे. कापणाऱ्यामागून पेंढ्या बांधणारी स्त्री ही तेव्हाच्या कापणीत नित्याची होती. ती येथे नाही. एकाकीपणामुळे आकृतीला भव्यता लाभली खरी, परंतु तिची किंमत सामूहिक श्रमाच्या सत्याने चुकविली. म्हणून हे स्मारक शेतकरीवर्गाचे म्हणण्यापेक्षा एका क्रियेचे म्हणणे अधिक युक्त होईल. त्या मर्यादेत मात्र ते अत्यंत प्रामाणिक आहे : ते श्रमाला देव्हाऱ्यात बसवीत नाही आणि श्रमिकाची कीवही करीत नाही.